स्वभाव कीं व्याधि ?

चार माणसें एका घरांत दीर्घकाळ राहूं लागलीं म्हणजे प्रत्येकाच्या नांवामागें एकेक विशेषण आपोआप चिकटतें. धाकटी सून आळशी, थोरले काका तापट, आजी विसरभोळी, अमका मुलगा हावरट, अशीं हीं विशेषणें असतात. तीं एकदां रूढ झालीं कीं पुढें त्या माणसाचें सारें वर्तन त्याच विशेषणाच्या पुराव्यांत जमा होतें. यांतील पुष्कळशीं विशेषणें यथार्थ असतील. मनुष्यस्वभाव विविध आहे हें कोण नाकारील? परंतु कांहीं वेळां ज्यास आपण स्वभाव म्हणतों ती खरोखर व्याधि असते, आणि ती शरीरांतील अशा एखाद्या लहानशा ग्रंथींतून उद्भवलेली असते कीं जिची आठवणहि घरांत कोणास होत नाहीं. औषधानें बरें होण्याजोग्या माणसास अशा वेळीं वर्षानुवर्षें बोल मात्र खावे लागतात. असे विकार घरांत कसे ओळखावे, आणि संशय आल्यावर त्यांचा निर्णय कसा करून घ्यावा, याचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्ही योजिलें आहे.

आपल्या शरीरांत दोन जातींच्या ग्रंथी आहेत. लाळेच्या किंवा घामाच्या ग्रंथींना नळ्या असतात व त्यांचा स्राव ठरलेल्या जागीं पडतो. दुसऱ्या जातीच्या ग्रंथींना नळी नसते. त्या आपला स्राव सरळ रक्तांत सोडतात, म्हणून त्यांस अंतःस्रावी ग्रंथी म्हणतात. या स्रावास ‘हॉर्मोन’ हें नांव इंग्रज शारीरशास्त्रज्ञ स्टार्लिंग यानें १९०५ सालीं योजिलें. मेंदूच्या तळाशीं वाटाण्याएवढी पिट्यूइटरी, गळ्याच्या पुढील बाजूस फुलपांखराच्या आकाराची थायरॉइड, तिच्या पाठीशीं चार चिमुकल्या पॅराथायरॉइड, मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या बसलेल्या दोन अधिवृक्क ग्रंथी, पोटांत स्वादुपिंड, आणि स्त्रीपुरुषांच्या बीजग्रंथी, हा त्यांतील मुख्य परिवार होय. अन्नाचें इंधन किती वेगानें जाळावयाचें, रक्तांत साखर किती ठेवावयाची, मीठपाण्याचा मेळ कसा राखावयाचा, मुलानें केव्हां वाढावयाचें व केव्हां वयांत यावयाचें, हे सर्व निर्णय त्यांच्या स्रावांवर अवलंबून असतात.

या विकारांचीं दोन लक्षणें ध्यानांत धरण्यासारखीं आहेत. पहिलें असें कीं, रक्त सर्वत्र जात असल्यामुळें त्यांतील न्यूनाधिक्याचा परिणामहि सर्वत्र होतो. दाढ दुखली तर दाढेवर बोट ठेवतां येतें. येथें केस गळतात, कोठा जड होतो, पाळी चुकते, मन उदास होतें, आणि या चारांचा एकमेकींशीं कांहीं संबंध असेल अशी शंकाहि येत नाहीं. दुसरें लक्षण मंदगतीचें. रोज समोर दिसणाऱ्या माणसाच्या मुद्रेंतील पालट घरच्यांस दिसत नाहीं, दोन वर्षांनीं आलेला पाहुणा मात्र उंबऱ्यांतूनच विचारतो, “अहो, यांना झालें काय?” अशा पाहुण्याचा प्रश्न हसण्यावारी नेऊं नये.

थायरॉइडच्या न्यूनतेचेंच उदाहरण घेऊं, कारण स्वभावाचें सोंग हिच्याइतकें दुसऱ्या कोणत्याहि व्याधीस साधत नाहीं. १८७३ सालीं लंडनांतील वैद्य सर विल्यम गल यानें प्रौढ स्त्रियांच्या एका विचित्र अवस्थेचें वर्णन केलें. धडधाकट बाई हळूहळू मंद होते, चेहरा सुजतो, आवाज घोगरा होतो, विचार व हालचाल दोन्ही जड होतात. या अवस्थेवर तेव्हां उपाय ठाऊक नव्हता. १८९१ सालीं न्यूकॅसल येथील डॉक्टर जॉर्ज मरे यानें अशाच एका ४६ वर्षांच्या स्त्रीस मेंढीच्या थायरॉइड ग्रंथीचा अर्क टोंचला. ती सुधारली, हिंडूंफिरूं लागली, आणि पुढें १९१९ सालीं ७४ व्या वर्षीं वारली. त्या २८ वर्षांत तिच्यासाठीं ८७० हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या. आज तेंच कार्य प्रयोगशाळेंत तयार केलेली एक बारीक गोळी करते. अशा बाईस आळशी म्हणून हिणविणें आणि तिला रोज सकाळीं एक गोळी देणें, यांतील अंतर केवढें आहे तें वाचकांनींच पाहावें.

आतां ओळखावें कसें ? आमच्या वाग्भटानें अष्टांगहृदयांत रोग्याची परीक्षा दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न या तीन साधनांनीं करावी असें सांगितलें आहे. डॉक्टरांची परीक्षा आजहि याच क्रमानें चालते. आणि हीं तिन्ही साधनें प्राथमिक स्वरूपांत घरच्या माणसांच्याहि हातीं आहेत. निदान करणें हें घरच्यांचें काम नव्हे. पण संशय येणें हें त्यांचेंच काम आहे, कारण रोगी स्वतः पुष्कळदां बोलत नाहीं.

दर्शन

पहिलें साधन म्हणजे जुनें छायाचित्र. लग्नमुंजींत काढलेलीं पांच व दहा वर्षांपूर्वींचीं छायाचित्रें आजच्या चेहऱ्याशेजारीं ठेवून पाहावीं. चेहरा व पापण्या सुजकट, त्वचा फिकट व कोरडी, भुवयांची बाहेरील टोंकें विरळ झालेलीं, असा पालट दिसला तर थायरॉइडच्या न्यूनतेचा संशय धरावा. उलट डोळे वटारल्यासारखे पुढें आलेले, अन्न भरपूर जाऊनहि देह वाळत चाललेला, आणि वृत्ति सदा उतावीळ, असें असेल तर तीच ग्रंथि प्रमाणाबाहेर काम करीत असावी. मनुष्य पाण्याचा घोट गिळतांना त्याच्या गळ्याकडे समोरून पाहावें. गळ्याच्या खालच्या भागांतील फुगवटी घोटाबरोबर वर सरकली तर ती बहुधा थायरॉइडची होय. हा गलगंड पूर्वीं हिमालयाच्या पायथ्याशीं फार असे. डॉक्टर रामलिंगस्वामी यांनीं कांगडा खोऱ्यांत १९५६ पासून केलेल्या प्रयोगानें मिठांतून आयोडीन दिल्यास त्यास आळा बसतो हें सिद्ध झालें, आणि १९६२ सालीं राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. खाण्याचें मीठ आयोडीनयुक्तच घ्यावें आणि तें झांकणाच्या बरणींत ठेवावें, हा त्यांतून प्रत्येक स्वयंपाकघरानें घेण्याचा धडा होय.

मुलीच्या मानेवर व काखेंत मखमलीसारखा जाडसर काळा पट्टा दिसूं लागला म्हणजे आया तो मळ समजून डाळीच्या पिठानें घासूं लागतात. तो घासून जात नाहीं, कारण तो मळच नव्हे. शरीरांत इन्शुलिन असूनहि त्याचा अंमल नीट चालत नाहीं, याची ती बहुधा खूण असते. पुढें येऊं पाहणाऱ्या मधुमेहाची सूचना समजून त्या मुलीचें वजन, पाळी व रक्तांतील साखर तपासावी. बोटांतली अंगठी अडकूं लागली, चपलेचें माप प्रौढपणीं वाढूं लागलें, जबडा व नाक रुंदावलें, तर पिट्यूइटरीच्या अतिस्रावाकडे लक्ष द्यावें. चेहरा चंद्रासारखा गोल, पोट मोठें पण हातपाय बारीक, पोटावर बोटभर रुंद जांभळे वळ, आणि थोडा धक्का लागतांच अंगावर काळेंनिळें, हें अधिवृक्क ग्रंथींच्या कॉर्टिसॉल नामक स्रावाच्या आधिक्याचें रूप होय. हार्वे कुशिंग यानें त्याचें सविस्तर विवेचन १९३२ सालीं प्रसिद्ध केलें. मात्र आज हें रूप बहुधा ग्रंथीमुळें न येतां दीर्घकाळ घेतलेल्या स्टेरॉइड औषधांमुळें येतें.

याच्या अगदीं उलट व्याधि म्हणजे त्याच ग्रंथींची न्यूनता. लंडनांतील डॉक्टर थॉमस ॲडिसन यानें ती १८५५ सालीं वर्णिली. मनुष्य सुकत जातो, उठतांच अंधारी येते, खारट खाण्याची वासना अनावर होते, आणि हिरड्या व तळहातांच्या रेषा काळवंडतात. घरचे म्हणतात, उन्हांत फिरून रापला आहे व लोणचें फार खातो. आपल्या देशांत क्षयरोग हें या व्याधीचें एक महत्त्वाचें कारण अद्यापि आहे. म्हणून पूर्वीं क्षय होऊन गेलेल्या माणसांत हीं लक्षणें दिसल्यास विलंब करूं नये.

स्पर्शन

हात हातांत घ्यावा. वैशाखांतहि थंड व कोरडा लागणारा हात एक गोष्ट सांगतो. पौषांतहि उष्ण, ओलसर व कांपरा लागणारा हात तिच्या नेमकी उलट गोष्ट सांगतो. हात पुढें ताणून धरावयास सांगून बोटांवर कोरा कागद ठेवावा. कागद थरथरला तर सूक्ष्म कंप लगेच दिसतो. स्वस्थ बसलेल्या प्रौढ माणसाची नाडी मिनिटास साधारण ६० ते १०० पडते. विश्रांतींतहि ती नेहमीं शंभराच्या वर असेल तर तेवढें डॉक्टरांस अवश्य सांगावें.

दुसरी परीक्षा आपल्या जेवणघरांतलीच आहे. पाटावरून उठतांना जो मनुष्य पूर्वीं सहज उठे, तो आतां जमिनीवर हात टेंकल्यावांचून उठत नाहीं, किंवा जिना चढतांना मांडीवर हात देतो, तर त्याच्या मांड्यांचे स्नायु दुर्बळ झाले आहेत. ‘ड’ जीवनसत्त्वाचा अभाव, थायरॉइडचा विकार किंवा स्टेरॉइडचें आधिक्य, यांपैकीं कांहींहि त्याच्या मुळाशीं असूं शकेल. ‘वय झालें’ एवढ्यावर त्याची बोळवण करूं नये.

प्रश्न

तिसरें साधन सर्वांत मोलाचें, आणि तेंच आपण सर्वांत कमी वापरतों. इतर पंखा लावून बसले असतां आपणांस शाल लागते काय ? शौचास साफ होतें काय ? रात्रीं लघुशंकेस किती वेळां उठावें लागतें ? जखम भरण्यास वेळ लागतो काय ? पाळी नियमित आहे काय ? हे प्रश्न एकांतांत, आणि शक्य तर बाईस बाईनें विचारावे. सासूबाईंच्या देखत सून आपल्या थकव्याविषयीं कधींहि खरें सांगणार नाहीं.

बाळंतपणाविषयींचा एक प्रश्न तर कधींच चुकवूं नये. प्रसूतिसमयीं फार रक्तस्राव झाला असतां पिट्यूइटरीचा रक्तपुरवठा तुटून ती निकामी होते, असें ग्लासगो येथील डॉक्टर शीहान यानें १९३७ सालीं दाखविलें. अशा बाईस दूध येत नाहीं, पाळी परत येत नाहीं, काखेंतील केस झडतात, आणि ती पुढें कित्येक वर्षें निस्तेज राहते. ‘बाळंतपण बाधलें’ या दोन शब्दांत तिचा इतिहास संपतो. बाळंतपणांत रक्त फार गेलें होतें काय व दूध आलें होतें काय, या दोन प्रश्नांनीं दहा वर्षांपूर्वींचा रोगहि उघडकीस येऊं शकतो.

औषधांविषयींहि विचारावें. सांधेदुखीवर किंवा दम्यावर तत्काळ गुण देणाऱ्या निनांवी पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलें असूं शकतें. तें दीर्घकाळ घेतल्यानें अधिवृक्क ग्रंथी झोपीं जातात. मग पुडी एकाएकीं बंद केली तर रक्तदाब कोसळून प्राणावर बेततें. म्हणून अशी पुडी मनानें टाकूं नये. डॉक्टरांस दाखवून क्रमाक्रमानें सोडवावी.

मुलांच्या बाबतींत मात्र विचारपूस करण्यास सवड नसते असा एक प्रसंग आहे. अंथरूण ओलें करण्याची संवय सुटलेलें मूल पुन्हां तें ओलें करूं लागलें, घटाघटा पाणी पिऊं लागलें, भरपूर खाऊनहि वाळूं लागलें, तर त्याच दिवशीं बोटाच्या थेंबानें रक्तांतील साखर पाहावी. वर्गांतून वारंवार पाणी पिण्यास व लघुशंकेस जाऊं मागणारा मुलगा शिक्षकास कामचुकार वाटतो, व घरीं तो हावरट ठरतो. पुढें त्यास वांत्या व पोटदुखी होऊन खोल श्वास लागला, तोंडास पिकल्या फळासारखा वास येऊं लागला, तर ती अपचनाची बाधा नव्हे. त्याच घटकेस त्याला मोठ्या रुग्णालयांत न्यावें. इन्शुलिनापूर्वीं अशीं मुलें वांचत नसत. १९२१ सालीं टोराँटो येथें बँटिंग व बेस्ट यांनीं तें मिळविलें, आणि ११ जानेवारी १९२२ रोजीं लेनर्ड थॉम्प्सन या १४ वर्षांच्या मुलास तें प्रथम टोंचण्यांत आलें. त्यानंतर या रोगानें मूल दगावावें तें बहुधा ओळखण्यास उशीर झाल्यामुळें किंवा इन्शुलिन न मिळाल्यामुळेंच.

रक्तपरीक्षा

या तीन साधनांस आधुनिक शास्त्रानें चौथ्याची जोड दिली आहे, आणि अंतिम निर्णय तिचाच. थायरॉइडसाठीं टी.एस.एच. ही परीक्षा आहे. हा स्राव पिट्यूइटरी सोडते व तो थायरॉइडला कामास लावतो. थायरॉइड सुस्तावली कीं पिट्यूइटरीचा हा तगादा वाढतो. म्हणून टी.एस.एच. वाढलेला व टी-४ कमी, ही न्यूनता. याच्या उलट असेल तर बहुधा आधिक्य. प्रौढांत टी.एस.एच.ची मर्यादा साधारण ०.४ ते ४ मानतात. प्रयोगशाळेप्रमाणें ती थोडी बदलते व वृद्धपणीं थोडी वर सरकते. पिट्यूइटरीच मुळांत निकामी असेल तर मात्र टी.एस.एच. फसवितो, तेथें टी-४ पाहावाच लागतो. केसांसाठीं बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर त्या परीक्षेपूर्वीं निदान दोन दिवस थांबवाव्या, नाहीं तर आंकडे चुकतात.

मधुमेहासाठीं उपाशीपोटीं रक्तशर्करा १०० मिलिग्रॅमच्या आंत असावी. १०० ते १२५ ही पूर्वसूचना, व १२६ किंवा अधिक म्हणजे मधुमेह. ग्लुकोज पाजल्यावर दोन तासांनीं २०० किंवा अधिक, अथवा एचबीए१सी ६.५ टक्के किंवा अधिक, हेहि निकष आहेत. लक्षणें नसतील तर एका परीक्षेवर विसंबूं नये. ती पुन्हां करावी. रक्तांत लोह कमी असलें तर एचबीए१सी खोटें वाढूं शकतें, आणि आपल्या स्त्रियांत ही उणीव फार आहे, हें लक्षांत ठेवावें.

मधुमेह म्हटला कीं लठ्ठपणा आठवतो, आणि शिडशिडीत माणसें निर्धास्त राहतात. चरकानें प्रमेहाचे वीस भेद सांगितले व पूर्वरूपांत शरीराकडे व मूत्राकडे मुंग्या धांवतात हेंहि नोंदविलें. सुश्रुतानें सहज आणि अपथ्यनिमित्तज असे दोन भेद करून पहिल्यांत कृश व दुसऱ्यांत स्थूल देह सांगितला. परंतु आपल्याकडे या दोहोंच्या मधला एक वर्ग आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयांतील डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक यांनीं १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतील गर्भवतींचा व त्यांच्या मुलांचा अभ्यास चालविला. तेथील नवजात बालकें सरासरी २.७ किलोंचीं, म्हणजे इंग्रज बालकांहून पुष्कळ हलकीं असत. पण त्यांची उणीव मांसाची होती, चरबीची त्या मानानें नव्हती. २००४ सालीं त्यांनीं स्वतःचें व आपले इंग्रज सहकारी यडकिन यांचें छायाचित्र ‘लॅन्सेट’मध्यें छापविलें. उंचीच्या मानानें दोघांचें वजन अगदीं सारखें. परंतु इंग्रज गृहस्थाच्या देहांत ९.१ टक्के चरबी, तर आपल्या डॉक्टरांच्या देहांत २१.२ टक्के ! यास्तव आपण वजनकांट्याबरोबर कमरेची फीतहि वापरावी. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या व स्त्रीची ८० च्या वर जाऊं नये. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या, २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणें आपल्या देशांत १०.१ कोटि मधुमेही व १३.६ कोटि पूर्वावस्थेंतील लोक आहेत. तेव्हां ही व्याधि परक्याच्या घरची समजण्याचें कारण नाहीं.

येथें थोडी सावधगिरीची सूचना करणें अवश्य आहे. प्रत्येक थकवा ग्रंथीचा नसतो. पंडुरोग, अपुरी झोंप व खरोखरीचें दुःख यांनींहि मनुष्य थकतो. आंकडा मर्यादेच्या किंचित् बाहेर गेला म्हणून शेजारणीची गोळी सुरू करूं नये. थायरॉइडची गोळी ठरली तर ती पहांटे उपाशीपोटीं नुसत्या पाण्याबरोबर घ्यावी. चहा अर्ध्या ते एका तासानें, आणि लोहाच्या किंवा चुन्याच्या गोळ्या चार तासांच्या अंतरानें. मात्रा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनीं रक्त पुन्हां तपासावें. दिवस राहिल्याचें कळतांच गोळी बंद न करतां डॉक्टरांस कळवावें. पहिल्या कांहीं महिन्यांत गर्भाच्या मेंदूची वाढ आईच्याच स्रावावर होत असते. बाळ जन्मल्यावर पहिल्या आठवड्यांतच त्याच्या थायरॉइडची परीक्षा झाली आहे काय, हें प्रसूतिगृहांत विचारावें. या न्यूनतेवर पहिल्या दोन आठवड्यांत औषध सुरू झालें तर बुद्धीची वाढ सामान्यतः नीट होते. महिने लोटल्यावर झालेली हानि भरून येत नाहीं.

वडीलधाऱ्यांच्या उपवासाविषयींहि बोललें पाहिजे. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असतां निर्जळी एकादशी धरली कीं साखर ७० च्या खालीं उतरूं शकते. घाम सुटतो, हात कांपतात, आणि शांत स्वभावाचे आजोबा एकाएकीं संतापतात वा असंबद्ध बोलूं लागतात. तो राग नव्हे. शुद्ध असेल तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यांत विरघळवून लगेच द्यावी व पंधरा मिनिटांनीं साखर पुन्हां पाहावी. शुद्ध नसेल तर तोंडांत कांहीं न घालतां रुग्णालय गांठावें. व्रताविषयीं डॉक्टरांशीं आधीं बोलून औषधाची मात्रा ठरवून घ्यावी. साबुदाण्याची खिचडी हें तर पथ्य नव्हेच.

आमची एक साधी सूचना आहे. घरोघरीं हिशेबाची वही असतेच. तींतील एकेक पान एकेका माणसाच्या नांवें द्यावें. दर दिवाळींत त्यावर वजन, कंबर, नाडी, रक्तदाब, आणि तिशी उलटलेल्यांची उपाशीपोटींची साखर लिहावी; शेजारीं नवीन तक्रार व चालू औषध नोंदवावें. डॉक्टरांपुढें हें पान ठेवलें म्हणजे तासाभराच्या बोलण्याचें काम दोन मिनिटांत होतें, आणि मंदगतीचा पालट लपून राहत नाहीं. या वहींत घरांतल्या सुनांचें पान सर्वांत आधीं भरावें, कारण रोजच्या व्यवहारांत त्यांच्याकडे लक्ष जातें तें सर्वांच्या शेवटीं.

घरांतील कोणास आळशी, चिडका किंवा हावरट म्हणण्याचा प्रसंग पुन्हां आला, तर तो शब्द उच्चारण्यापूर्वीं एक प्रश्न विचारावा: हा मनुष्य पहिल्यापासूनच असा होता, कीं अलीकडे असा झाला ? पहिल्यापासूनचा असेल तर तो त्याचा स्वभाव असूं शकेल, व तो आपण आजवर सोसला तसा पुढेंहि सोसूं. अलीकडचा असेल तर त्यास बोल न लावतां डॉक्टरांकडे न्यावें. आमच्या वाचकांपैकीं एका जरी घरांत हा प्रश्न वेळेवर विचारला गेला, तरी प्रस्तुत लेखाचें सार्थक झालें असें आम्ही समजूं.